बुडालेली ठेव कोणी भरावी?

प्रपंचात काही प्रश्न असे असतात की वरून पाहावे तर ते हिशेबाचे वाटतात, आणि आत शिरावे तर ते धर्माचे निघतात. बँक बुडणे हा त्यांतलाच एक प्रश्न आहे. वर्तमानपत्रात आपण कोटींचे आकडे वाचतो आणि 'आपल्याला त्यातलं काय कळतंय' असे म्हणून पान उलटतो. परंतु ज्याची ठेव अडकली, त्याच्या लेखी तो आकडा नसतो. ते मुलीचे लग्न असते, म्हाताऱ्या आईच्या औषधाचा खर्च असतो, तीस वर्षे नोकरी करून शेवटी हाती आलेली पुंजी असते. म्हणून आज हा एकच प्रश्न हाती धरून थोडा विचार करू. हजारो लोकांची ठेव एका संस्थेत बुडाली, तर ती भरून कोणी द्यावी? ठेवणाऱ्याने सोसावी, बुडवणाऱ्याकडून घ्यावी, शेजारच्या धडधाकट बँकेने भरावी, की साऱ्या जनतेने?

प्रथम ठेव म्हणजे काय ते पाहू. पूर्वी काशीला निघालेला माणूस आपले गाठोडे शेजाऱ्याच्या घरी ठेवून जाई. शेजाऱ्याने ते उघडायचे नाही, वापरायचे नाही, परत आल्यावर जसेच्या तसे द्यायचे. ही झाली साधी ठेव. बँकेतली ठेव अशी नव्हे. बँक आपले गाठोडे उघडते, त्यातला पैसा दुसऱ्याला कर्जाऊ देते, त्यावर व्याज घेते आणि त्यातले थोडे व्याज आपल्याला देते. यात अधर्म काही नाही. त्या कर्जातूनच कुणाची विहीर होते, कुणाचा माग चालतो, कुणाचे दुकान उभे राहते. पण गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे की तिजोरीत आपला पैसा बसलेला नाही. तो गावभर फिरतो आहे.

समजा शंभर जणांनी शंभर शंभर रुपये एका बँकेत ठेवले. झाले दहा हजार. बँकेने हजार रुपये गल्ल्यात ठेवले आणि नऊ हजार कर्जाने दिले. रोज दोघे काढतात, दोघे भरतात, सुरळीत चालते. एके दिवशी आवई उठली की बँकेचे काही खरे नाही. घरची म्हातारी मुलाला म्हणते, "आरं, शेजारणीनं काल पैसं काढलं म्हणं. तू कवा जातोस?" मुलगा जातो. पहिल्या दहा जणांना पुरते पैसे मिळतात, अकरावा रिकाम्या हाताने परततो. बँकेची कर्जे चांगली असली तरी ती एका दिवसात वसूल होत नाहीत. विहिरीत घातलेला पैसा उद्या सकाळी बाहेर कसा येणार? तेव्हा वाईट बँक तर बुडतेच, पण नुसत्या धावपळीने चांगली बँकही बुडू शकते.

येथे कोणी विचारील, "बुवा, मग पहिला धावला तो पापी म्हणायचा का?" प्रश्न अवघड आहे. त्याने चोरी केली नाही, स्वतःचाच पैसा मागितला. पण त्याच्या पुरता मिळण्याने अकराव्याचे ताट रिकामे राहिले हेही खरे. म्हाताऱ्या आईचा पैसा वाचवणे हे त्याचे कर्तव्य, आणि शेजाऱ्याला खड्ड्यात न लोटणे हेही त्याचे कर्तव्य. जेथे भल्या माणसाला अशा दोन कर्तव्यांच्या कात्रीत उभे राहावे लागते, तेथे दोष माणसापेक्षा व्यवस्थेचा अधिक असतो. चांगली व्यवस्था ती, की जीत शांत उभा राहणारा माणूस नागवला जात नाही. कायदा कोणाला साधू करीत नाही. पण साधेपणाने वागणाऱ्याला भिकारी होऊ न देणे एवढे तर त्याच्या हाती आहे.

ही गोष्ट जगाला मोठी किंमत देऊन कळली. आधी दूरदेशीचे उदाहरण घेऊ. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९ हजार बँका बंद पडल्या. लोक पहाटेपासून दारात रांगा लावीत, आणि रांग दिसली की आणखी लोक येत. ६ मार्च १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँकांना काही दिवस कुलूप लावले. १२ मार्चच्या रात्री त्यांनी रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत बँकेचा व्यवहार समजावून सांगितला, आणि दुसऱ्या दिवसापासून तपासून धड ठरलेल्या बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या. चमत्कार असा की, काढून नेलेला पैसा लोकांनी पुन्हा आणून भरला. पुढे त्याच वर्षी कायदा झाला, आणि १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. बँक बुडाली तरी लहान माणसाचे बुडणार नाही असे झाल्यावर धावण्याचे कारणच उरले नाही.

आपल्या देशातही हे दुःख नवे नाही. १९१३ साली आणि त्यानंतर लागोपाठ अनेक स्वदेशी बँका कोसळल्या. लाहोरची पीपल्स बँक गेली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली, तरी १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली. १९४९ साली बँकांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा आला. आणि मग १९६० साल उजाडले. त्या वर्षी लक्ष्मी बँक बुडाली, आणि ऑगस्टमध्ये केरळातल्या पालै सेंट्रल बँकेच्या अवसायनासाठी रिझर्व्ह बँक उच्च न्यायालयात गेली. केरळातली ती मोठी बँक होती. तिच्या पडण्याने दक्षिणेतल्या इतर बँकांच्या दारातही गर्दी झाली.

त्या धक्क्यातून दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे ठेव विमा. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले आणि प्रत्येक ठेवीदाराला बँकेमागे १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. ही मर्यादा पुढे वाढत गेली. १९९३ मध्ये ती १ लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख करण्यात आली. दुसरी गोष्ट विलीनीकरणाची. दुबळ्या बँकेचे व्यवहार थोडे दिवस थांबवून तिला सबळ बँकेत मिळवून टाकण्याचा अधिकार सरकार आणि रिझर्व्ह बँक यांना १९६० च्या दुरुस्तीने मिळाला. त्याचा वापर धडाक्याने झाला. १९५१ अखेर देशात ५६६ बँका होत्या, त्या १९६७ अखेर ९१ उरल्या. काही बंद झाल्या, कित्येक मोठ्यांच्या पोटात गेल्या.

एवढा इतिहास पुरे. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

पहिला पक्ष असा मांडतात की, ज्याने ठेवले त्याने सोसावे. "व्याजाच्या आशेने ठेवलं ना? मग बुडालं तर रडतोस कशाला?" हे म्हणणे ऐकायला रोखठोक वाटते, पण न्यायाचे नाही. ज्याला कर्जवसुली कशी आहे, तारण खरे की खोटे, खतावणीत काय लिहिले आहे हे पाहण्याचा अधिकारच नाही, त्याला जोखमीचा धनी कसे म्हणावे? भागधारकाची गोष्ट वेगळी. नफा झाला तर तो त्याचा, तेव्हा तोटाही आधी त्याचा. परंतु ठेवीदार नफ्यातला भागीदार नाही. मुंबईतल्या भाजीवाल्या बाईने संध्याकाळी गल्ल्यातले दोनशे रुपये जवळच्या बँकेत भरले, ते काय तिने संचालकांची कुंडली पाहून भरले? दारावर सरकारमान्य बँकेची पाटी होती म्हणून भरले. ती पाटी हाच तिच्याशी केलेला करार होय.

दुसरा पक्ष म्हणतो की, मग सरकारने सगळे भरून द्यावे, म्हणजे प्रश्न मिटला. हा पक्ष दयेचा आहे, म्हणून त्याचा विचार अधिक जपून केला पाहिजे. या ठिकाणी आपल्या मंडळींना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण होणारच. दुष्काळात उपाशी लोकांसाठी पंतांनी बादशहाची कोठारे खुली केली. धान्य त्यांचे नव्हते. त्यांच्या हवाली केलेले होते. परंपरा सांगते की, पंतांवर संकट आले तेव्हा देव विठू महाराच्या रूपाने बेदरास गेला, बादशहापुढे धान्याची किंमत मोजली आणि पावती घेतली. कथा ऐकताना आपण देवाच्या धावून जाण्यात रंगून जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु हिशेबाच्या अंगाने कथेत एक बारकावा आहे, त्याकडे लक्ष द्यावे. देवाने बादशहाकडून कर्ज माफ करवून घेतले नाही. त्याला मनात आणून बादशहाची वहीच कोरी करता आली असती. तसे त्याने केले नाही. पै न् पै भरली आणि रीतसर पावती घेतली. दयेपायी सुटलेला हिशेबसुद्धा कोणाला तरी भरावाच लागतो, हे त्या पावतीने दाखवून दिले.

आता विचारावे की, आजच्या बँकेच्या बाबतीत विठू महार कोण? सरकार म्हणावे, तर सरकारच्या खजिन्यात पैसा कोणाचा? काडेपेटीसारख्या ज्या वस्तू आपण विकत घेतो त्यांच्या किमतीतून गेलेला. विमा महामंडळ म्हणावे, तर त्याचा निधी बँकांनी भरलेल्या हप्त्यांचा. १९६२ मध्ये दर शंभर रुपये ठेवीमागे वर्षाला ५ पैसे हप्ता होता. एप्रिल २०२० पासून तो १२ पैसे झाला. नियम असा की हप्ता बँकेने स्वतः भरावा, ठेवीदाराकडून घेऊ नये. ठीक आहे. पण बँकेला मिळकत आपल्याच पैशातून होते ना? म्हणजे फिरून फिरून तो भार सर्व ठेवीदारांवर थोडा थोडा येतो. दिंडीत आपण भिशी भरतो, त्यातून सगळ्यांचे जेवण होते. कुणी दोन भाकरी खातो, कुणी चार, त्याचा हिशेब कोणी करीत नाही. ठेव विमा ही तशीच मोठी भिशी आहे. तिच्यात वावगे काही नाही, उलट ती परस्परांच्या सांभाळाची रीत आहे. फक्त ती भिशी आहे, आकाशातून पडलेला प्रसाद नव्हे, याचे भान सुटू नये. भिशीतले दाणे कोणी पोत्याने विकू लागला, तर त्याला मुकाट्याने वाढत राहणे ही दया होत नाही.

या संदर्भात तुकोबारायांचे एक चरित्र फार मोलाचे आहे. त्यांच्या घराण्यात सावकारी होती. लोकांनी लिहून दिलेली खते घरात होती. परंपरेने सांगितले आहे की, ती खते इंद्रायणीत बुडवण्याचे त्यांनी ठरवले तेव्हा आधी त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्याच्या हाती दिला, आणि केवळ आपल्या वाट्याची खते नदीत सोडली. एवढा विरक्त पुरुष, पण भावाच्या घेण्यावर उदार झाला नाही. स्वतःचे येणे सोडणे हे वैराग्य. दुसऱ्याचे येणे सोडणे हे वैराग्य नव्हे. बँकेच्या संचालकाने हा एक प्रसंग मनावर कोरून ठेवावा. ओळखीच्या माणसाला तारण न पाहता कर्ज दिले, थकले तेव्हा 'जाऊ द्या, आपलाच माणूस' म्हणून मुदत वाढवली, तर त्याला तो चांगुलपणा समजतो. पण तो कोणाच्या वाट्याची खते नदीत सोडतो आहे? कान्होबांच्या. म्हणजे तुमच्या आणि माझ्या.

हे बोलणे हवेतले नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बँकेच्या कर्जांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक भाग घरबांधणीच्या एकाच समूहाकडे गेला होता, आणि ते थकलेले कर्ज झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती लिहिली गेली, असा आरोप तपासात पुढे आला. ठेवीदारांना पहिल्यांदा सांगण्यात आले की सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! दवाखान्यात एका दिवसाची खाट मिळेना एवढ्यात. मर्यादा पुढे पायरीपायरीने वाढून एक लाखापर्यंत गेली. अखेर २५ जानेवारी २०२२ रोजी ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विमा महामंडळाच्या साहाय्याने मिळण्याची सोय झाली. त्यावरची रक्कम मात्र हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत. ज्याने साठाव्या वर्षी निवृत्तीची रक्कम ठेवली, त्याला 'सत्तराव्या वर्षी पुरते घ्या' असे सांगणे याचा अर्थ काय होतो, ते वृद्धांना विचारावे.

त्याच मुंबईत थोड्याच दिवसांनी दुसरी गोष्ट घडली. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले, पन्नास हजारांची मर्यादा लागली. ही बँक कितीतरी मोठी. लगेच योजना झाली, स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातले, आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस! सहकारी बँकेच्या ठेवीदाराला मात्र अठ्ठावीस महिने. अमेरिकेतही असेच पाहावे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून लोकांनी एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर मागितले. बरीचशी धाव फोनवरूनच झाली. तेथे विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर होती, आणि ठेवी बहुतेक कंपन्यांच्या, मर्यादेपलीकडच्या. तरी दोन दिवसांत सरकारने जाहीर केले की सर्वांच्या सर्व ठेवी सुरक्षित आहेत.

याचे कारण जाणते लोक सांगतात की, मोठी बँक पडली तर दहा बँकांना घेऊन पडते, म्हणून तिला आधी सावरावे लागते. हे खोटे नाही. मोठे झाड पडताना लहान झाडे मोडतात. पण एवढे तरी मान्य करावे की, मोठ्याचा आक्रोश लवकर ऐकू जातो तो त्याचे दुःख मोठे म्हणून नव्हे, तर त्याची पडझड मोठी म्हणून. दुःखाच्या मापाने पाहिले तर भाजीवालीचे वीस हजार हे कंपनीच्या वीस कोटींहून कमी नाहीत. भीतीच्या मापाने राज्य चालत असेल, पण न्यायाचे माप दुसरे आहे, हे कोणी तरी बोलत राहिले पाहिजे.

आता विलीनीकरणाविषयी. दुबळ्याला सबळाने पदरात घ्यावे ही गोष्ट चांगलीच. ठेवीदाराचे पासबुक बदलते, पण रक्कम राहते. नोकरांची नोकरी बहुधा टिकते. गावातली शाखा चालू राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली, तेव्हा ठेवी सुखरूप राहिल्या आणि जुन्या भागधारकांचे भाग शून्य झाले. नफ्याचे धनी आधी बुडाले, ठेवीदार वाचले. क्रम योग्य होता. मात्र विलीनीकरणाने एक भ्रम होतो की, पाटी बदलली म्हणजे पाप धुतले गेले. तसे नाही. ओढा नदीला मिळाला म्हणून त्याचा गाळ नाहीसा होत नाही. नदीच्या तळाशी जाऊन बसतो. ज्याने बुडवले त्याचा शोध, त्याच्या मालमत्तेची विक्री, न्यायालयातला खटला हे सारे विलीनीकरणानंतरही तितक्याच नेटाने चालले पाहिजे. नाही तर पुढच्या संचालकाला धडा मिळतो तो असा की, खुशाल बुडवावे, कोणी तरी पदरात घेतेच. शिवाय लहान लहान बँका मोठ्यांत मिळत गेल्या म्हणजे गावच्या माणसाला ओळखणारा, 'काय पाटील, यंदा ऊस कसा?' असे विचारणारा बँकवाला नाहीसा होतो, आणि एक मोठी बँक चुकली तर साऱ्या देशाला धक्का बसतो. तेव्हा विलीनीकरण हे औषध आहे. रोजचे अन्न नव्हे.

राहिला प्रश्न राखणदाराचा. नियमन करणाऱ्याचे काम अतिशय नाजूक आहे. त्याला बँकेतला दोष तपासणीत आधी दिसतो. दिसला म्हणून लगेच चव्हाट्यावर बोलला, तर धाव सुरू होते आणि सुधारण्याजोगी बँकही मरते. बोलला नाही, तर उद्या जो भोळा माणूस पैसे भरायला येईल त्याला जाणूनबुजून खड्ड्यात जाऊ दिल्यासारखे होते. सत्य केव्हा बोलावे हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न येथे काउंटरवर येऊन उभा राहतो. पालै बँकेच्या वेळी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६२ मध्ये न्यायालयाने बहुमताने रिझर्व्ह बँकेचा अधिकार मान्य केला. अधिकार मान्य झाला, पण जबाबदारी त्याहून मोठी झाली. आपण माऊलींच्या सोहळ्यात समाजआरतीला पाहतो. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती दिंडी आपले टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, आणि मग आरती. वाटेत सापडलेल्या वस्तूही त्याच ठिकाणी पुकारून ज्याच्या त्याला परत देतात. राखणदारीचे दोन्ही गुण तेथे आहेत. एक टाळ वाजत असेल तर 'सगळे ठीक आहे' असे म्हणायचे नाही. आणि सापडलेली वस्तू धन्यापर्यंत पोचवायची. बँकेच्या राखणदाराने एवढे केले तरी पुष्कळ. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचा नियम झाला, तो या वाटेवरचा चांगला टप्पा होय.

तात्पर्य काय? बुडालेली ठेव भरण्याचा क्रम असा असावा. प्रथम बुडवणाऱ्याची मालमत्ता. मग बँकेच्या मालकांचे भांडवल. मग सर्व बँकांनी मिळून भरलेला विमानिधी. आणि अगदीच निरुपाय झाला तर राज्याचा खजिना, तोही लोकांना उघड सांगून की हे तुमच्या पैशातून जाते आहे. गरीब ठेवीदार या ओळीत शेवटी, किंबहुना त्या ओळीत तो असूच नये. दया ठेवीदारावर करावी, बुडवणाऱ्यावर नव्हे. दोघांना एकाच पांघरुणाखाली घेतले, तर उबेत राहतो बुडवणारा आणि थंडीने कुडकुडतो ठेवीदार.

कोणी म्हणेल, "हे सरकारने करायचं, आम्ही गरिबांनी काय करावं?" आपल्याकडेही थोडे आहेच. नेहमीपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज कोणी देऊ लागला, तर हुरळून न जाता विचारावे की, हा हे कुठून देणार? बँकेच्या दारावर ठेव विम्याची नोंद आहे का ते पाहावे, कारण गावोगावच्या पतसंस्थांतल्या ठेवींना या महामंडळाचे संरक्षण नाही, हे पुष्कळांना पैसे अडकल्यावरच कळते. सारी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये. आपण सभासद असलो तर वार्षिक सभेला जावे, चहा घेऊन परत न येता थकबाकी किती आणि कोणाकडे हे उभे राहून विचारावे. 'आपल्या जातीचा, आपल्या गावचा, माळकरी माणूस अध्यक्ष आहे' एवढ्यावर भिस्त ठेवू नये. गळ्यातली माळ ही हिशेबतपासणीच्या जागी चालत नाही, आणि खऱ्या माळकऱ्याला तपासणीचा राग येत नाही. ऐकीव बातमीवर धावू नये आणि दुसऱ्याला धावायला लावू नये. आणि आपण स्वतः कर्ज घेतले असेल तर ते वेळेवर फेडावे. कारण ते बँकेचे नाही, कुणा म्हातारीच्या औषधाचे आहे.

आपल्यातले काही जण मंदिराच्या विश्वस्त मंडळात असतात, काही दिंडीची भिशी सांभाळतात, काही पतसंस्थेच्या संचालकांत बसतात. त्यांना एवढीच विनंती. पुढची सभा भरेल तेव्हा वही आपण होऊन उघडी करावी, कोणी मागण्याची वाट पाहू नये. हाती असलेला पैसा कोणाचा, हे सही करण्यापूर्वी दरवेळी एकदा मनाशी म्हणावे. तेवढे झाले तर बुडालेली ठेव कोणी भरावी हा प्रश्न विचारण्याची पाळी पुष्कळदा येणारच नाही.